रक्त वाहून जाण्याआधी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

हट्टा (जि. बालाघाट) : हट्टा रोड स्टेशनवरून आज मोठ्या लाईनची गाडी धावते. १९३८ साली इथे गोंदिया-जबलपूर छोटी लाईन होती आणि बालाघाट जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडायचा. राजधानी नागपूर. त्याच नागपूरचे डॉ. चोळकर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून चीनला निघाले. त्यांच्यासोबत आणखी चार डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवा सोलापूरचा सत्तावीस वर्षांचा तरुण, द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चौघे आज-उद्या करत मायदेशी परतले. पाचवा परतला नाही.

कोटणिसांचं नाव बहुतेकांना व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमामुळे माहीत आहे. सिनेमात गाणी आहेत, प्रेम आहे, मरण आहे. पण हा माणूस रोज उठून नेमकं काय करायचा, हे त्यातून फारसं कळत नाही. सरळ सांगायचं तर ते रक्त थांबवायचे. गोळी लागलेला, तोफेच्या तुकड्याने फाटलेला माणूस अंगातलं रक्त संपायच्या आत टेबलावर घ्यायचा, हे त्यांचं काम.

जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. डॉक्टरकी शिकायला ते मुंबईला परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात गेले. हे कॉलेज आणि त्याला लागून असलेलं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं, आणि शिकवणारे सगळे हिंदी असावेत ही अट देणगीतच घातलेली होती. इंग्रजांच्या राज्यात ही लहान गोष्ट नव्हती. १९३६ च्या सुमारास कोटणीस एमबीबीएस झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले.

ते शिकत होते तो काळही लक्षात घ्यायला हवा. जखमी माणूस पांढराफटक पडतो, गार पडतो आणि जातो, याला डॉक्टर लोक शॉक म्हणत. इकडे शॉक म्हटलं की विजेचा झटका नाहीतर मनाचा धक्का डोळ्यापुढे येतो; डॉक्टरांचा शॉक वेगळा. पहिल्या महायुद्धात याचं कारण काय यावर मोठा वाद होता. कोणी म्हणे चिरडलेल्या मांसातून विष सुटतं, कोणी म्हणे नसा थकतात. १९३० मध्ये अमेरिकेतल्या आल्फ्रेड ब्लालॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की विषाची गरजच नाही. रक्त आणि रक्तातलं पाणी नळ्यांमधून निघून गेलं की एवढं पुरतं. म्हणजे उपाय दोनच. गळती बंद करा आणि गेलेलं भरून काढा.

हिशोब साधा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. पाऊण लिटरपर्यंत गेलं तर शरीर सांभाळून घेतं, वरून फारसं कळतही नाही. दीड लिटरपर्यंत गेलं की नाडी पळायला लागते, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, जीव कासावीस होतो, तहान लागते. गंमत अशी की ब्लड प्रेशर तोवर जवळपास ठीकच दिसतं, कारण शरीर हातापायाच्या नसा आवळून सगळं रक्त हृदय आणि मेंदूकडे वळवतं. तरणा गडी तर बसून बोलतो, काही नाही झालं म्हणतो. दीड लिटरच्या पुढे गेलं की मात्र सांभाळणं संपतं. प्रेशर एकदम पडतं, माणूस गुंगतो, बरळतो, लघवी आटते. दोन लिटरच्या वर गेलेला माणूस मरणाच्या दारात असतो. त्यातच अंग थंड पडलं, रक्तात आम्ल वाढलं की रक्त गोठायचं बंद होतं, आणि रक्त गोठत नाही म्हणून आणखी वाहतं. उधारीवरचं व्याज चढावं तसं हे चढत जातं. म्हणून इथे वेळेला किंमत आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं, बावीस हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका आणि औषधं घेतली गेली. स्वतःचा देश गुलाम असताना दुसऱ्याच्या लढाईला पाच डॉक्टर पाठवायचे, हा विचारच त्या काळचा होता. कोटणिसांनी नाव दिलं.

सप्टेंबरच्या मध्याला पथक कँटनला उतरलं. पुढे हांकौ, इचांग, चुंगकिंग असं मजल-दरमजल करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचलं. तिथे माओ त्से-तुंग यांनी त्यांचं स्वागत केलं. चिनी लोकांनी त्यांच्या नावांना चीन या अर्थाचं हुआ जोडलं; कोटणीस झाले के दिहुआ. ते चीनमध्ये असतानाच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घर कर्त्या माणसावाचून उघडं पडलेलं. परत जायला हरकत कुणाचीच नव्हती. ते गेले नाहीत. याला त्याग म्हणावं की घरच्यांवर अन्याय, हे ज्याने त्याने ठरवावं. सोलापूरच्या त्या घराने मात्र त्याची किंमत मोजली, हे सिनेमात फारसं येत नाही.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. त्या वर्षाच्या शेवटी अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीकडे निघाले. तिथे त्यांच्या आधी एक कॅनडियन सर्जन काम करून गेला होता, नॉर्मन बेथून. कोटणिसांची आणि त्याची भेट झाली नाही, पण पुढची तीन वर्षं ते त्याच माणसाच्या पावलावर चालले, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे.

बेथून आधी स्पेनच्या यादवी युद्धात होता. १९३६ च्या अखेरीस माद्रिदमध्ये त्याने लोकांचं रक्त बाटल्यांत जमा केलं. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलं, बर्फात ठेवलं आणि गाडीने आघाडीवर नेलं. तोवर सहसा जखमीला रक्ताकडे नेत. याने रक्त जखमीकडे नेलं. १९३८ मध्ये तो चीनच्या डोंगरात आला तेव्हा तिथे ना वीज, ना फ्रिज, ना रस्ता. मग त्याने गावकऱ्यांमधूनच रक्तदाते उभे केले. हाक मारली की माणूस यायचा, आडवा व्हायचा आणि त्याच्या हातातून शेजारच्याच्या हातात रक्त जायचं. लोक भ्यायचे म्हणून आधी बेथूनने स्वतःचं दिलं. त्याचा गट ओ होता. ऑपरेशनचं सगळं सामान खेचराच्या पाठीवर मावेल अशी खोगिरं त्याने करून घेतली. जखमीची वाट बघत बसू नका, डॉक्टरने त्याच्याकडे जावं, हा त्याचा नियम. नोव्हेंबर १९३९ मध्ये हातमोज्याविना ऑपरेशन करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि तो रक्तात विष भिनून गेला.

१९४० मध्ये कोटणीस आणि बसू त्या भागात पोचले. त्याच वर्षी चिनी आठव्या मार्ग सेनेने जपान्यांवर मोठा हल्ला चढवला; शंभर रेजिमेंटची मोहीम म्हणून तो ओळखला जातो. त्यातल्या एका लढाईत कोटणिसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा ते बहात्तर तास न झोपता ऑपरेशन करत होते. तीन दिवस आणि तीन रात्री. हातपाय फाटलेल्या माणसाचं रक्त बाहेरून दाबून, बांधून थांबवता येतं. पोटात किंवा छातीत लागलं तर रक्त आतच साचतं, वरून थेंबही दिसत नाही आणि माणूस गार होत जातो. तिथे चाकू हातात घेतलेला सर्जन जवळ नसेल तर दुसरा इलाज नाही. डोंगरातून स्ट्रेचरवर येणाऱ्या माणसाचा बराच वेळ वाटेतच जायचा. म्हणून आघाडीच्या जवळ राहणं हा तिथे केवळ शौर्याचा नाही, हिशोबाचा प्रश्न होता.

हट्ट्याच्या पंचक्रोशीतही प्रश्न अंतराचाच आहे, युद्ध नसलं म्हणून काय झालं. धानाच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात जातो, जंगलात कुऱ्हाड निसटून पायावर बसते, रात्री मोटारसायकल ट्रॉलीवर आदळते. मोठं ऑपरेशन आणि रक्ताची बाटली बालाघाटला नाहीतर गोंदियाला. १०८ बोलावली तरी ती येईपर्यंतचा वेळ जवळच्या माणसाच्याच हातात असतो. आणि त्या वेळात बरेच जण हळद, चहापत्ती, राख दाबतात, पाणी पाजतात, नाहीतर घाबरून नुसते बघत राहतात.

करायचं ते एवढं आहे. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबायचं, आणि थांबलं का बघायला सारखं उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हातापायाची जखम खोल असेल तर कापड आत कोंबून दाबायचं. तरीही रक्त उसळत असेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी आवळायची. गमछा चालतो, सुतळी किंवा तार नाही, ती मांस कापते. पट्टीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि किती वाजता बांधली ते लिहून ठेवायचं, कारण दोनेक तासांच्या पुढे हातापायाला धोका वाढतो. मधेच सैल करून बघू नये. घुसलेला खिळा, फाळ, काठी ओढून काढू नये; त्यानेच तोंड बंद केलेलं असतं. माणसाला आडवं ठेवावं, घोंगडी टाकावी, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातही, कारण रक्त गेलेला देह स्वतःला गरम ठेवू शकत नाही. तोंडाने काही देऊ नये. पुढे भूल द्यावी लागते.

बाळंतपणातलं रक्त ही आणखी वेगळी गोष्ट. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की ती धोक्याची खूण, आणि या पट्ट्यात रक्त आधीच कमी असलेल्या बायका पुष्कळ, सिकलसेलही आहे. अशा बाईला तेवढंच रक्त गेलेलं जास्त महाग पडतं. इथे दाबायला बाहेर जखम नसते, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावं हा आग्रह. आता ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन आहे. अपघात असो की बाळंतपण, तीन तासांच्या आत दिलं तर मरणं कमी होतात, हे २०१० आणि २०१७ च्या मोठ्या जागतिक चाचण्यांत दिसलं. कोटणिसांच्या पेटीत यातलं काही नव्हतं.

जानेवारी १९४१ मध्ये बेथूनच्या नावाने असलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. रुग्णालय म्हणजे खेड्यातली मातीची घरं. जपानी फौज आली की रुग्णांसकट हलवायचं, गेली की परत मांडायचं. शेजारच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवायचे, तेही चिनी भाषेत. सोलापूरच्या माणसाने दोन-तीन वर्षांत ही भाषा इतकी आत्मसात केली की शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक तिच्यात लिहायला घेतलं. ते अर्धवटच राहिलं.

बेथूनच्या समाधीच्या समारंभात त्यांची क्वो छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

तोवर कोटणिसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. अपस्मार. विश्रांती घ्या, उपचाराला सुरक्षित भागात जा, असं सगळे सांगत. डॉक्टर माणूस सगळ्यांचं ऐकतो, स्वतःचं सोडून. कामावरून ते हटले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातल्या तांग तालुक्यात गेगोंग या खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बेथूनही याच तालुक्यात गेला होता.

ज्या परळच्या कॉलेजात ते शिकले तिथेच, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. या गटाच्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. गेलेलं रक्त भरून काढायचं तर आधी ते जुळायला हवं, ही गोष्ट तिथून आणखी पक्की झाली.

इनहुआही डॉक्टर व्हायला निघाला होता. १९६७ मध्ये वैद्यकीय शिक्षण संपत आलं असताना तो वारला. आईने दुसरं लग्न केलं होतं. ती भारतात येऊन सासरच्यांना भेटून जायची. २०१२ मध्ये डालियन शहरात तिचं निधन झालं. त्याच वर्षी सोलापुरात कोटणिसांच्या घरी स्मारक खुलं झालं. त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे, बेथूनच्या जवळच.