मुद्रक कर्तारसिंग आणि अपिलाविना फाशी

लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी सात क्रांतिकारकांना फाशी देण्यात आली. त्यांतील कर्तारसिंग सराभा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण आदराने बोलतो. खटल्याच्या कार्यपद्धतीकडे मात्र क्वचितच पाहतो.

लुधियाना जिल्ह्यातील सराभा गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने आजोबांनी त्यांना वाढवले आणि १९१२ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले. तेथे हिंदी मजुरांच्या वाट्यास येणारी अवहेलना पाहून ते गदर चळवळीत ओढले गेले. सान फ्रान्सिस्कोहून १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’ पत्र उर्दूत निघाले. पाठोपाठ गुरुमुखी आवृत्ती आली. तिच्यासाठी मजकूर सिद्ध करणे आणि हातयंत्रावर अंक छापणे ही कामे कर्तारसिंगांनी अंगावर घेतली.

महायुद्ध पेटताच ते मायदेशी परतले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांच्यासह त्यांनी छावण्यांतील शिपायांशी संधान बांधले. उठाव २१ फेब्रुवारी १९१५ रोजी व्हावयाचा होता. फितुरीचा संशय येताच तो दोन दिवस अलीकडे आणला गेला. तरीही बेत फसला. मार्चच्या आरंभी कर्तारसिंग पकडले गेले.

भारत संरक्षण कायदा संमत झाला तो त्यानंतर, १८ मार्च रोजी. या कायद्यान्वये त्रिसदस्यीय विशेष न्यायाधिकरण नेमले गेले. ज्यूरी नव्हती, अपिलाची तरतूद नव्हती. एप्रिलमध्ये तुरुंगातच सुरू झालेल्या खटल्याचा निकाल १३ सप्टेंबर रोजी लागला आणि चोवीस जणांना देहदंड सुनावण्यात आला. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सतरा जणांची शिक्षा सौम्य केली. उरलेल्या सातांत कर्तारसिंग व पिंगळे होते.

कर्तारसिंगांनी आपली कृत्ये नाकारली नाहीत. सशस्त्र उठावाचा कट कोणतेही राज्य दुर्लक्षित करणार नाही, हेही मला मान्य आहे. परंतु शासनव्यवहारात आयुष्य घालवल्यावर माझी एक धारणा दृढ झाली आहे. अपिलाचा अधिकार ही आरोपीवरील मेहेरबानी नव्हे. निवाडा करणाऱ्याच्या हातून घडू शकणाऱ्या चुकीवरील तो उपाय आहे. एका निकालात चोवीस फाशी, त्यांतील सतरा अयोग्य ठरल्या, तरी फेरतपासणी न्यायालयाऐवजी शासनाच्या मर्जीवर सोडलेली! युद्धकाळापुरती म्हणून आणलेली हीच रीत पुढे १९१९ च्या रौलेट कायद्यात शांततेच्या काळासाठीही मांडली गेली. तातडीच्या नावाखाली न्यायाची पायरी गाळणारा कोणताही कायदा वाचताना लाहोरचा हा खटला आपण स्मरणात ठेवावा.