बेब रूथची नजर

१९२१ मध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या बेब रूथची कोलंबिया विद्यापीठात तपासणी झाली. आदल्या मोसमात त्याने ५४ होमरन मारले होते. डोळे, कान, हातांची चपळाई सारे सरासरीपेक्षा सरस निघाले. वृत्तपत्रांना उत्तर मिळाले. पण ते अपुरे होते.

बेसबॉलचा चेंडू टप्पा न पडता येतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने तो सुमारे ०.४ सेकंदात पोचतो, आणि त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे चेंडू निम्म्या वाटेवर असतानाच तो सरळ की वळणारा हे मेंदूने ओळखायला हवे. नुसती चपळाई इथे पुरत नाही. पिचरचा हात आणि चेंडूची फिरकी वाचायची सवय लागते.

बाल्टिमोरच्या सुधारगृहवजा शाळेत वाढलेला रूथ आधी बोस्टन रेड सॉक्सचा नावाजलेला डावखुरा पिचर होता. ही नजर त्याला तिथेच मिळाली असावी. कौतुक त्याच्या ७१४ होमरनचे होते. पण वाईट चेंडू सोडून २,०६२ वेळा त्याने पहिला तळ फुकट मिळवला. (पिचर त्याला मुद्दाम टाळत, हेही खरेच.)

१९४८ मध्ये, ५३ व्या वर्षी, नाकामागच्या घशाच्या कर्करोगाने तो गेला.