शिक्षक घडविणारा गवई : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आमच्या मंडळ्यांत गाण्याला कधी तोटा नव्हता. टिळकांची भजने, सांगळ्यांची गीते, नाताळाची पदे आणि शब्बाथशाळेतली मुलांची गाणी यांवर तीन-चार पिढ्या वाढल्या. मात्र गाणे कोणी शिकवावे आणि ते शिकविण्यास तो मनुष्य लायक आहे हे कसे ओळखावे, हा विचार आपण क्वचितच करतो. ज्याचा गळा बरा त्याला मुलांपुढे उभे करतो आणि मोकळे होतो. ज्या एका मराठी माणसाने या प्रश्नाला आपले सर्व आयुष्य दिले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे म्हणूनच आम्हांस वाटते.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर हे नाव पडले. वडील कीर्तनकार होते, त्यामुळे टाळ, मृदंग आणि पदे घरातच होती. लहानपणी एका उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि मुलाच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळेतील पुढचा अभ्यास खुंटला. मोठ्या घरच्या मुलांबरोबर शिकणाऱ्या त्या हुशार मुलापुढे सर्व वाटा बंद झाल्यासारख्या दिसत होत्या. उपचारासाठी त्याला मिरजेस नेले आणि तेथेच गाणे शिकण्याची वाट निघाली.

मिरज म्हटले की आमच्या लोकांना वानलेस डॉक्टरांचे मिशन रुग्णालय आठवते. ते रुग्णालय १८९४ साली मिरजेत उभे राहिले, तेव्हा हा तरुण त्याच गावात पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याजवळ तालीम घेत होता. बुवांनी स्वतः फार हाल सोसून ग्वाल्हेरची गायकी मिळविली होती आणि ती त्यांनी महाराष्ट्रात आणली. त्यांची शिस्त कडक होती. पहाटे उठून खर्जाचा रियाज, गुरूच्या घरची कामे आणि गुरू गाईल ते कान देऊन ऐकणे असा क्रम सुमारे नऊ वर्षे चालला. लिहून घेण्याची पद्धत नव्हती; जे कानात बसेल तेच आपले.

त्या काळी गवयाला समाजात मान नव्हता. श्रीमंतांच्या बैठकीत त्याचे गाणे चाले, पण पंगतीला त्याची आठवण कोणाला नसे. असे सांगतात की मिरजेतील एका समारंभाचे बोलावणे विष्णुबुवांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते नुसते गवई. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात गेले. राजाच्या आश्रयावर न राहता त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी गाण्याचे जलसे केले. पैसा देणारा सामान्य मनुष्यही गाणे ऐकण्यास पात्र आहे, ही त्या काळी नवी कल्पना होती.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. परका मुलूख, परकी भाषा, हाती पैसा नाही. आरंभी शिकायला फारसे कोणी येईना, तरी वेळ झाली की बुवा तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. हळूहळू विद्यार्थी आले आणि विद्यालय वाढले. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा असे शाळेसारखे सर्व काही तेथे गाण्यासाठी झाले. गाणे कागदावर मांडण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसविली, छापखाना घातला आणि मुलांसाठी सोपी पुस्तके काढली. १९०८ साली मुंबईतही विद्यालय सुरू झाले.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. यापुढची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. वर्गात वीस-तीस मुले एकदम बसली की त्यांतून मोठे गवई निघणार नाहीत, हे बुवांना पक्के ठाऊक होते. आपल्या विद्यालयातून तानसेन निघाले नाहीत तरी चालेल, कानसेन निघावेत, अशी त्यांची भूमिका होती असे सांगतात. गाणे जाणून ऐकणारा समाज तयार झाला तर गवयाचा मान आपोआप वाढेल, असा त्यामागचा विचार. त्यासाठी पुस्तक आणि वर्ग पुरेसे होते. परंतु वर्गाला शिकविणारा कोठून आणायचा? तोही पुस्तकावरच तयार झालेला असेल तर पाण्यात पाणी घालून दूध विकण्यासारखेच होईल.

म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना विद्यालयातच ठेवून घ्यायचे, जेवण-खाण विद्यालयाने पाहायचे आणि विद्यार्थ्याने सुमारे नऊ वर्षे राहण्याचा करार करायचा. स्वतः बुवांनी गुरूजवळ जितकी वर्षे घालविली, जवळजवळ तितकीच मुदत त्यांनी आपल्या भावी शिक्षकांवर घातली. हे तरुण पहाटेपासून रियाज करीत, खालच्या वर्गांना शिकवीत आणि बुवांबरोबर गावोगाव जलशांना जात. विद्यार्थ्याला सोपे करून दिले, पण शिक्षकाला काही सोपे केले नाही.

ही मुदत इतकी लांब का, हे समजण्यासाठी शिक्षकाच्या अंगी काय असावे लागते ते पाहू.

पहिली गोष्ट कान. भूप आणि देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर आहेत. कागदावर दोहोंचे स्वर सारखेच दिसतात. पण भूपात गंधारावर भर, देशकारात धैवतावर. एक रात्रीच्या आरंभीचा, दुसरा सकाळचा. विद्यार्थी भूप गाता गाता देशकारात शिरला, तर ते पुस्तक सांगणार नाही, शिक्षकाच्या कानानेच धरले पाहिजे. ज्याला दुसऱ्याची चूक ऐकू येत नाही, तो स्वतः कितीही गोड गात असला तरी शिकवू शकत नाही.

दुसरी गोष्ट हात, म्हणजेच शरीरात भिनलेला ताल. त्रितालाच्या सोळा मात्रा पाठ म्हणणे निराळे, आणि तोंडाने चीज गात असता हाताने पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली दाखविणे निराळे. तोच ठेका दुप्पट लयीत म्हणायला सांगितले की हात चुकतो. हात चुकला म्हणजे लय अजून अंगात उतरली नाही असे समजावे.

तिसरी गोष्ट उपज. शिकलेली चीज जशीच्या तशी म्हणणे ही पाठांतराची परीक्षा झाली. रागाचे नियम न मोडता, न शिकविलेला आलाप किंवा तान आयत्या वेळी घ्यायची आणि बरोबर समेवर येऊन मिळायचे, येथे खरी परीक्षा होते. ज्याला स्वतः दोन नव्या ओळी सुचत नाहीत, तो मुलाच्या शंकेला तेच पाठ केलेले उत्तर पुन्हा देतो.

जवळजवळ त्याच वर्षांत हजारो मैलांवर, स्वित्झर्लंडातील जिनिव्हा शहरी, एमिल जाक-दालक्रोझ नावाचे संगीत शिक्षक याच गोष्टीपाशी येऊन पोहोचले होते. त्यांचा जन्म १८६५ चा. १८९२ पासून ते तेथील संगीतशाळेत शिकवीत. त्यांच्या विद्यार्थ्यांची बोटे वाद्यावर सफाईने चालत, पण कागदावर लिहिलेले सूर त्यांना मनात ऐकू येत नसत आणि लय सांभाळता येत नसे. मात्र हेच विद्यार्थी रस्त्याने चालताना पावले कशी अचूक टाकतात, हे त्यांनी पाहिले. त्यावरून त्यांनी तीन अंगांची पद्धत बांधली : कानाचे शिक्षण, संगीताबरोबर सर्व शरीराची हालचाल आणि आयत्या वेळी स्वतः रचून वाजविणे. १९११ साली जर्मनीतील हेलेराऊ येथे व १९१५ साली जिनिव्हात त्यांची संस्था उभी राहिली. त्या पद्धतीने शिकविण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याची आजही तिन्ही अंगांत परीक्षा होते आणि त्याने प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवावा लागतो.

हे काही पंडितांचेच ज्ञान आहे असे मात्र नाही. आम्ही राहतो त्या खडोलीच्या परिसरात, दादरा-नगर हवेलीच्या वारली पाड्यांवर, भोपळा आणि बांबूचा तारपा वाजू लागला की बायका-पुरुष हातांत हात गुंफून वर्तुळाने नाचू लागतात. वाजविणाऱ्याने चाल बदलली की पावले बदलतात. कोणी आकडे मोजत नाही. ऐकणारा कान आणि पडणारे पाऊल यांत अंतरच नसते. पलुसकरांनी नऊ वर्षांत आणि दालक्रोझ यांनी आपल्या संस्थेत जे रुजविण्याचा यत्न केला, त्याचे बीज या पाड्यावरच्या लेकराच्या अंगी आधीच असते. शिकविणाऱ्याला ते दिसले पाहिजे.

पलुसकरांच्या आयुष्यात यशाबरोबर दुःखही पुष्कळ आले. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली. मुंबईच्या विद्यालयासाठी कर्ज काढून मोठी इमारत बांधली. ते कर्ज फिटेना. जलसे करून मिळविलेला पैसा व्याजात जाई. शेवटी १९२४ साली कर्जापोटी इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी जिवाचे रान केले, ती डोळ्यांदेखत परक्याची झाली. तोपर्यंत बुवांचे मनही संसारातून निघाले होते. भगवी वस्त्रे घालून ते नाशिकच्या आपल्या आश्रमात रामभजनात रमले होते आणि तेथेही काही शिष्य जवळ बसून शिकत होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तो डी. व्ही. पलुसकर या नावाने थोर गायक झाला आणि १९५५ साली ऐन तारुण्यात वारला.

इमारत गेली, पण विद्यालय गेले नाही, कारण ते माणसांत उभे होते. उपदेशक म्हणून तयार झालेल्या शिष्यांनी देशभर वर्ग काढले. ओंकारनाथ ठाकूर विशीतच लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले आणि पुढे काशी विश्वविद्यालयात त्यांनी संगीताचे शिक्षण उभारले. नारायणराव खरे गांधीजींच्या आश्रमात गेले, तेथे प्रार्थनेची भजने त्यांनी बसविली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते पायी चालले. बी. आर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत शाळा काढली. कुमार गंधर्व त्यांच्याच हाताखाली शिकले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूच्या मृत्यूनंतर शिष्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षांत आजही विद्यार्थ्याला परीक्षकासमोर बसून, ऐकलेल्या स्वरांवरून राग ओळखावा लागतो आणि हातावर ताल धरावा लागतो. लेखी उत्तरांवरच निभाव लागत नाही.

पलुसकरांवर टीकाही झाली. वर्गातल्या शिक्षणाने गाणे ठोकळेबाज होते, परीक्षा पास झालेले पुष्कळ पण गाणारे थोडे, असे जाणकार म्हणत आले. ही टीका अगदीच खोटी नाही. नुसती स्वरलिपी आणि प्रमाणपत्र घेऊन जेथे शिक्षक झाले, तेथे तसे घडलेही. पण यातून बुवांचा मूळ विचारच खरा ठरतो. जेथे शिक्षकावर वर्षे खर्च झाली तेथे गाणे जिवंत राहिले. जेथे ती वाचविली तेथे फक्त पुस्तक राहिले.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात दावीद राजाने मंदिरातील गायनासाठी आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतून चोवीस वर्ग नेमल्याची नोंद आहे. त्यांत २८८ जण शिकून निपुण झालेले होते, आणि गुरू व शिष्य, लहान व मोठा, यांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. गाणे म्हणजे ज्याला जसे जमेल तसे, असे तेथे धरलेले नव्हते. तयारी होती, जबाबदारी होती आणि शिष्य गुरूच्या शेजारी उभा होता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नऊ वर्षे तालीम घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या वेळी गाणे शिकविणारा निवडताना मंडळीने गळ्यापलीकडे थोडे पाहावे. मुलाचा सूर उतरला तर याला ऐकू येते का? पेटी बंद केली तरी मुलांना टाळीवर चालवून हा लय राखू शकतो का? मुले कंटाळली तर त्याच पदाची एक ओळ नव्या तऱ्हेने म्हणून त्यांना जागे करू शकतो का? आणि ज्याला हे अजून येत नाही, त्याला जाणत्या माणसाजवळ आठवड्यातून एक तास बसविण्याची व्यवस्था आपण करू शकतो. गावातल्या वडीलधाऱ्या भजनीबुवांना विचारले तर ते आनंदाने शिकवतील. पेटीला आणि ध्वनिक्षेपकाला आपण वर्गणी काढतो. शिक्षकाच्या तालमीसाठी ती एकदा काढून पाहावी.