डॉ. विक्रम साराभाई : भूस्थिर उपग्रहांचे द्रष्टे

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथील उद्योगपती कुटुंबात झाला. केंब्रिजमधील शिक्षणादरम्यान दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने ते मायदेशी परतले. बंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. १९६३ मध्ये केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण सोडण्यात आला, तर १९६९ मध्ये ‘इस्रो’ची स्थापना झाली.

विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आकाशात स्थिर दिसतो. अशा एका उपग्रहाद्वारे दुर्गम खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचविता येईल, हे साराभाईंनी ओळखले. त्यासाठी १९६९ मध्ये ‘नासा’शी करार झाला. मात्र, ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. वर्षाची मुदत संपल्यावर तो उपग्रह हलविण्यात आला आणि हे थेट प्रक्षेपण थांबले. स्वतःच्या उपग्रहाची निकड त्यातून अधोरेखित झाली.

उपग्रह कक्षेत पोहोचला, तरी काम संपत नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने तो उत्तर-दक्षिण झुकतो, तर पृथ्वीच्या असमान आकारामुळे पूर्व-पश्चिम सरकतो. त्याला जागेवर आणण्यासाठी वेळोवेळी इंधन खर्चावे लागते. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ इंधन संपल्याने सप्टेंबरमध्येच निकामी झाला. पुढील वर्षी ‘इन्सॅट-१बी’ यशस्वी ठरला. कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राने हे दायित्व सांभाळले.

२००४ मध्ये ‘एज्युसॅट’ला ७४ अंश पूर्व रेखांशावर ‘इन्सॅट-३सी’ व ‘कल्पना-१’ यांच्यासमवेत स्थान देण्यात आले. या उंचीवर ०.१ अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. एवढ्या मर्यादित जागेतील उपग्रहांच्या कक्षांचा कल व आकार किंचित वेगळा ठेवला जातो, जेणेकरून ते परस्परांजवळ येऊ नयेत.

साराभाईंना यापैकी एकही उपग्रह पाहता आला नाही. पुण्याजवळील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्राला त्यांचे नाव देऊन देशाने त्यांच्या दूरदृष्टीचा गौरव केला.