झेपणार नाही म्हणून बंद केलेला मुलींचा संघ 41 वर्षांनी पुन्हा मैदानात. मार्गारेट वेड यांची गोष्ट

बार्शी : शाळेत कबड्डी, खो-खो गाजवणारी पोरगी कॉलेजला गेली की मैदानावर दिसेनाशी होते, हे आपल्या तालुक्यातल्या गावांना नवीन नाही. अमेरिकेतल्या मार्गारेट वेड यांचाही खेळ कॉलेजात असतानाच सुटला होता. पण पुढे त्याच कॉलेजच्या मुलींना त्यांनी देशात पहिलं आणलं.

मार्गारेट यांचा जन्म 30 डिसेंबर 1912 चा. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्य आहे. तिथल्या क्लीव्हलँड या छोट्या गावात त्या वाढल्या. आजूबाजूला सगळा कापूस पिकवणारा भाग. गावातच डेल्टा स्टेट कॉलेज होतं. तिथे त्या बास्केटबॉल खेळायच्या, संघाच्या कॅप्टनही झाल्या.

संघ जिंकत होता. तरीही 1932 मध्ये कॉलेजने मुलींचा बास्केटबॉल बंद केला. हा खेळ फार दमवणारा आहे, मुलींना झेपणार नाही, एवढंच कारण. मुली रडल्या आणि रागाने त्यांनी खेळाचे कपडेच जाळून टाकले.

पदवीनंतर मार्गारेट दोन वर्षं एका व्यावसायिक संघाकडून खेळल्या. गुडघा दुखावला आणि तेही थांबलं. मग त्यांनी शाळेतल्या मुलींना शिकवायला घेतलं. 1935 ते 1954 अशी 19 वर्षं त्या क्लीव्हलँडच्या हायस्कूलमध्ये प्रशिक्षक होत्या. शाळांच्या संघांसोबत त्यांनी एकूण 453 सामने जिंकले, हरले फक्त 89.

1959 मध्ये त्या डेल्टा स्टेटमध्ये शारीरिक शिक्षण शिकवायला परत आल्या. पण मुलींचा बास्केटबॉल संघ अजूनही नव्हताच. 1972 मध्ये अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी आली. पुढच्याच वर्षी डेल्टा स्टेटने मुलींचा संघ पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि जबाबदारी मार्गारेट यांच्याकडे दिली. तेव्हा त्या साठीच्या होत्या. आपल्याकडे या वयात माणसाचा सेवानिवृत्तीचा सत्कार होतो.

संघात लुसिया हॅरिस ही सहा फूट तीन इंच उंचीची कृष्णवर्णीय मुलगी आली. तिचे आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने करायचे. अकरा भावंडांत ती दहावी. हीच पोरगी संघाचा कणा ठरली. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा त्यातला पहिला बास्केट तिनेच टाकला.

पहिल्या वर्षी संघाने 16 सामने जिंकले, 2 हरले. दुसऱ्या वर्षी 28 पैकी 28 जिंकले. 1975 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोर होतं इमॅक्युलाटा कॉलेज, आधीची सलग तीन वर्षं विजेतं. डेल्टा स्टेटने त्यांना 90-81 ने हरवलं. 1976 आणि 1977 लाही विजेतेपद डेल्टा स्टेटकडेच राहिलं. मधल्या काळात संघ सलग 51 सामने हरला नाही. सहा वर्षांत 157 विजय आणि 23 पराभव, असा हिशेब ठेवून मार्गारेट 1979 मध्ये निवृत्त झाल्या.

अमेरिकेतल्या सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला खेळाडूला 1978 पासून त्यांच्या नावाने वेड ट्रॉफी दिली जाते. 1985 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये म्हणजे मानाच्या यादीत पहिल्यांदाच तीन महिलांची नावं लागली. त्यात एक मार्गारेट यांचं होतं. 16 फेब्रुवारी 1995 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

1932 मध्ये ज्या मुलींचा खेळ बंद झाला, त्यांना ती वर्षं परत मिळाली नाहीत. आपल्या गावातली एखादी पोरगी अजून खेळत असेल, तर तिचा सराव घरच्यांनी आणि कॉलेजने बंद पडू देऊ नये.