एकलव्यांचा गुरू

१९७५ सालच्या विंबल्डनमध्ये आर्थर अ‍ॅश याने जिमी कॉनर्सचा पराभव केला. पुरुष एकेरीचे ते अजिंक्यपद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. या यशाचा पाया ज्यांनी घातला ते डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन मात्र हा दिवस पाहावयास हयात नव्हते. १९७१ सालीच त्यांचे निधन झाले होते.

जॉन्सन यांचा जन्म १८९९ चा. विद्यार्थिदशेत ते अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. पुढे मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे दवाखाना थाटला. शाळांपासून बसमधील बाकांपर्यंत सर्वत्र वर्णानुसार वाटणी करणारा तो मुलूख. टेनिस ही तर गोऱ्यांच्या क्लबांची मिरास. कृष्णवर्णीयांनी १९१६ साली आपली स्वतंत्र टेनिस संघटना उभारली होती. परंतु तिच्या विजेत्यांनाही राष्ट्रीय स्पर्धेची दारे बंदच होती.

१९४६ साली हार्लेममधील अल्थिया गिब्सन ही मुलगी जॉन्सन आणि त्यांचे स्नेही डॉ. ह्यूबर्ट ईटन यांच्या दृष्टीस पडली. दोघांनी तिची जबाबदारी वाटून घेतली. शाळेच्या दिवसांत ती ईटन यांच्या घरी राही आणि उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे. १९५० साली तिने राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळविला. १९५७ आणि १९५८ या दोन्ही वर्षी तिने विंबल्डन व अमेरिकन अजिंक्यपद जिंकले.

याच सुमारास शालेय मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जॉन्सन यांनी आपली मुले उतरविली. ती सपशेल हरली. गुण असून भागत नाही, तो लहानपणापासून घडवावा लागतो, हा धडा घेऊन त्यांनी आपल्या घरामागील कोर्टावर दर उन्हाळ्यात शिबिर भरविण्यास प्रारंभ केला. नजर व मनगट साधण्यासाठी मुले झाडूच्या दांड्याने चेंडू टोलवीत. बागकामही त्यांच्याच वाट्याला असे. खर्चाचा मोठा भार डॉक्टरांच्या खिशावर पडे.

१९५३ साली रिचमंडहून दहा वर्षांचा अ‍ॅश तेथे आला. आपले पहिले शिक्षक रोनाल्ड चॅरिटी यांची पद्धत सोडावयास तो तयार होईना. तेव्हा वडिलांनी येऊन त्याला निक्षून सांगितले की, येथे डॉक्टरांचाच शब्द अखेरचा. १९६१ साली त्याच शालेय स्पर्धेचे अजिंक्यपद अ‍ॅशने पटकाविले.

या शिबिराचा सर्वांत कठोर पाठ फटक्यांचा नव्हता. रेषेबाहेर दोन इंचांपर्यंत पडलेला चेंडू आत पडला असे मानून खेळावयाचा, पंचाशी वाद घालावयाचा नाही, रॅकेट फेकावयाची नाही. हेतू स्पष्ट होता : वगळण्यास टपलेल्यांच्या हाती कोणतेही निमित्त लागू द्यावयाचे नाही. ही शरणागती होय, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. अन्याय करणारे मोकळे राहिले आणि संयमाची किंमत दहा वर्षांच्या मुलांनी मोजली. तथापि जॉन्सन यांच्यापुढे पर्याय कोणते होते, हेही पाहिले पाहिजे. कायदा बदलेपर्यंत थांबावे, तर मुलांचे शिकण्याचे वय निघून जाणार. त्यांनी थांबण्याऐवजी घडविणे पसंत केले. पुढे त्याच संयमी अ‍ॅशने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध उघड आवाज उठविला, ही गोष्ट शरणागतीच्या आरोपाला पुरेसे उत्तर आहे.

२००९ साली आंतरराष्ट्रीय टेनिसच्या सन्मान-मंदिरात जॉन्सन यांचा समावेश झाला. मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी! द्रोणाचार्यांनी एकलव्याला नाकारले. जॉन्सन यांनी नाकारलेल्यांनाच जवळ केले आणि कोणाचाही अंगठा मागितला नाही. त्यांचा गौरव करताना एका गोष्टीचा मात्र विसर पडू नये. ज्या समाजात गुणी मुलाचे भवितव्य एखाद्या उदार डॉक्टरच्या घरामागील अंगणावर अवलंबून राहते, तेथे दोन-तीन विजेते लाभतात. बाकीचे किती वाया गेले, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.