औषध एक, वाटा अनेक

देव भेटायचा तर बहुतेक ठिकाणी डोंगर चढावा लागतो. आमच्या तुळजापुरात उलटे आहे. आई खाली, बालाघाटाच्या कुशीत बसली आहे; दर्शनाला पायऱ्या उतरून जायचे. त्यामुळे खरी परीक्षा होते ती परतताना. काही वर्षांपूर्वी एका मंगळवारच्या गर्दीत त्या पायऱ्या चढताना माझ्या छातीत असे ठोके पडू लागले, की गोंधळ्यांचे संबळ मागे पडावे. महाद्वाराशी टेकून बसलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, आणखी काही तपासण्या केल्या आणि चिठ्ठीवर एका औषधाचे नाव लिहिले: प्रोप्रॅनोलॉल. औषधवाल्याने पट्टी हाती ठेवली, तिच्यावरचे नाव होते सिप्लार.

त्या नावात सिप्ला ही कंपनी दडली आहे आणि कंपनीमागे एक माणूस उभा आहे. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. १९७२ साली ते गेले. सगळी नोकरी बँकेत गेल्यामुळे वस्तूची किंमत नेमकी कोण ठरवतो हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तरुणपणी शाखेत कर्जाचे अर्ज तपासताना म्हशीसाठी म्हणून घेतलेले पैसे घरातल्या दुखण्यावर गेल्याचे कितीदा तरी कळायचे. गोठ्यात म्हैस नसायची आणि माजघरात कुणीतरी अंथरुणावर असायचे. माझी गोळी मला परवडते याचे श्रेय शोधत गेलो, तेव्हा हमीदसाहेब भेटले.

त्यांचा जन्म १८९८ सालचा, अलीगढचा. असहकाराच्या लाटेत गांधीजींच्या मागे गेलेल्या तरुणांपैकी ते एक. जामिया मिलिया इस्लामिया उभी राहत होती तेव्हा ते तिथे रसायनशास्त्र शिकवीत. पुढे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन हे त्यांचे तिथले सोबती. १९२४ साली वडिलांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. मुलाने मात्र वाटेतच जहाज बदलले आणि जर्मनी गाठली, कारण त्या काळी रसायनशास्त्राची पंढरी होती जर्मनी. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. तिथेच लूबा ही विल्नियसकडच्या ज्यू कुटुंबातली मुलगी भेटली आणि १९२८ साली दोघांनी लग्न केले. अलीगढचा मुसलमान तरुण, ज्यू पत्नी आणि मनात गांधी. कादंबरीत असे पात्र घातले तर संपादक अतिशयोक्ती म्हणून खोडून टाकील.

१९३५ साली मुंबई सेंट्रलच्या परिसरात भाड्याच्या एका बंगल्यात त्यांनी केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज काढली. तीच सिप्ला. आपल्याजवळची औषधांची सूत्रे त्यांनी कंपनीला दिली, मानधन न घेता. पहिली औषधे बाजारात आली १९३७ साली. ४ जुलै १९३९ रोजी स्वतः गांधीजी कारखाना पाहायला आले. आमचे तुळजापूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. महायुद्धात परदेशी औषधांची आवक आटली तेव्हा असे देशी कारखानेच कामी आले. देशाने स्वतःच्या संशोधनशाळा काढाव्यात यासाठी हमीदसाहेब झटले. विज्ञान आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या नियामक मंडळावर ते होते. त्या परिषदेची पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली.

एक अडसर मात्र स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. तो होता १९११ चा पेटंट कायदा. त्यानुसार ज्याने औषध शोधले त्याची मालकी त्या पदार्थावरच, सोळा वर्षे. समजा, पुरणपोळीचे पेटंट कुणाच्या नावावर आहे. मग तुम्ही पुरण हरभऱ्याच्या डाळीचे करा की तुरीच्या, गूळ घाला की साखर, पोळी तुम्हाला लाटताच येणार नाही. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या सेनेटमधील केफॉव्हर समितीने औषधांच्या किमती तपासल्या, तेव्हा भारतासारख्या गरीब देशातल्या किमती जगात सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात, असे दिसून आले. १९६१ साली हमीदसाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय औषध उत्पादकांची संघटना उभी केली. मागणी एकच: कायदा बदला. पेटंट द्यायचे तर कृतीला द्या, पदार्थाला नको.

याच सुमारास इंग्लंडमध्ये माझी गोळी जन्माला येत होती. जेम्स ब्लॅक हा स्कॉटिश डॉक्टर १९५८ साली आयसीआय कंपनीत दाखल झाला. दुखऱ्या हृदयाला जास्त प्राणवायू कसा पोचवावा याचा विचार इतर लोक करीत होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला. हृदयाची प्राणवायूची गरजच कमी केली तर? आपण घाबरलो, रागावलो, जिने चढलो की रक्तात अॅड्रेनॅलीन येते आणि हृदयाच्या पेशींवरच्या ठरावीक कुलपांत किल्लीसारखे बसते. मग ठोके वाढतात. त्या कुलपांना बीटा म्हणतात. ब्लॅक यांनी अशी किल्ली शोधली, की जी कुलपात बसते पण फिरत नाही. पहिल्या औषधाने उंदरांना गाठी झाल्या, ते सोडून द्यावे लागले. दुसरे प्रोप्रॅनोलॉल, १९६५ साली बाजारात आले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल मिळाले.

हे औषध बनते कसे, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले. आजीच्या ट्रंकेत लुगड्यांमध्ये असायच्या त्या डांबरगोळ्यांचे नॅफ्थॅलीन हाच त्याचा सांगाडा. नॅफ्थॅलीनपासून नॅफ्थॉल करतात. त्याला क्षाराच्या सोबतीने एपिक्लोरोहायड्रिन जोडले, की रेणूच्या टोकाला तीन अणूंचे एक ताणलेले कडे तयार होते. मग आयसोप्रोपिलअमाइन घातले की ते कडे उघडते आणि नवा रेणू पुरा होतो. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचे क्षार बनवतात, पांढरे स्फटिक पडतात. त्यात पिठूळ पदार्थ मिसळून दाबयंत्रात गोळ्या पाडतात. एका गोळीत औषध दहा किंवा चाळीस मिलिग्रॅम, चिमटीतही येणार नाही एवढे. हाच क्रम बदलताही येतो: अमाइन आधी जोडायचे, नॅफ्थॉल नंतर. मुक्काम एक, वाटा दोन.

हमीदसाहेबांचे सगळे भांडण या दुसऱ्या वाटेसाठी होते. सिप्लाने प्रोप्रॅनोलॉल बनवायला घेतले तेव्हा मूळ कंपनीने आक्षेप घेतला आणि प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेले, असे त्यांचे पुत्र युसूफ हमीद यांनी पुढे सांगितले आहे. केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून ते १९६० साली कंपनीत आले होते. लाखो भारतीयांना जीव वाचवणारे औषध नाकारायचे का, एवढाच सवाल त्यांनी पंतप्रधानांपुढे ठेवला.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ सालीच बदलाची शिफारस केली होती. संसदेने १९७० साली नवा कायदा केला आणि २० एप्रिल १९७२ रोजी तो अमलात आला. औषधाच्या पदार्थाला पेटंट नाही. कृतीला आहे, तेही पाच ते सात वर्षांपुरते. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी हमीदसाहेबांनी डोळे मिटले. लावलेल्या झाडाला आलेला मोहर त्यांनी पाहिला, फळे दुसऱ्यांनी खाल्ली. त्यांतला एक मी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्लॅक यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खपून शोध लावला नसता तर नक्कल कशाची करणार होतो? शोधणाऱ्याला मोबदला हवाच. जागतिक व्यापार कराराच्या अटींनुसार १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडे पदार्थाचे पेटंट परत आले, तेही वीस वर्षांचे. प्रोप्रॅनोलॉलला त्याची झळ नाही, ते केव्हाच सर्वांचे झाले. पण कर्करोगावरच्या एखाद्या नव्या औषधाची किंमत ऐकतो, तेव्हा मला त्या कर्जाच्या अर्जातली म्हैस आठवते. शोधणाऱ्याचे देणे आणि रोग्याचे जगणे यांचा ताळेबंद अजून कुणाला जुळवता आलेला नाही. हमीदसाहेबांनी निदान पारडे कोणत्या बाजूला झुकावे ते दाखवून दिले.

वाचकांपैकी कुणाला ही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती एकाएकी बंद करू नये; दमेकऱ्याने तर त्यांना आधीच सांगावे. मीही मंगळवारी गोळी घेऊनच देवळात जातो. परतताना धाप लागते, वयच झाले. मध्ये एकदा थांबतो. संबळ आपल्या लयीत वाजत असते, आणि छातीतले ठोके त्याच्या पुढे धावत नाहीत.